उच्च रक्तदाब: आयुर्वेदाच्या आधाराने मीठ, आहार आणि दिनचर्या कशी सांभाळावी

उच्च रक्तदाबाचे निदान झाले की कोणता काढा घ्यावा, हा प्रश्न घरात लगेच निघतो. खरे तर आधी मिठाचा प्रश्न निघायला हवा. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर करू नये, असे सांगितले आहे. त्या काळी आजच्यासारखा रक्तदाब मोजला जात नव्हता, हे मान्य. तरीही लवण म्हणजे आपले मीठ आणि क्षारांच्या वर्गात बसणारा पापडखार किंवा खाण्याचा सोडा, या दोन्हींतून शरीरात सोडियमच जाते. म्हणून पथ्याची सुरुवात येथूनच करावी. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र चालूच ठेवावी, कारण पुढील सर्व उपाय गोळीच्या जोडीला आहेत, तिच्या जागी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका सपाट लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. रोज वजन करत बसणे शक्य नसते, म्हणून मिठाची एक किलोची पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. चार प्रौढ माणसांच्या घरात ती निदान ५० दिवस पुरली पाहिजे. लोणची, पापड, फरसाण, पाव यांतून येणारे मीठ वेगळेच असल्याने त्याहून जास्त दिवस पुरली तर अधिक चांगले. हिशेब चुकत असेल, तर मीठ एकदम तोडू नये. मिठाची फार सवय झालेल्यांनी ते क्रमाक्रमाने कमी करणे श्रेयस्कर, असे चरकाचार्यांनीही म्हटले आहे, आणि जडलेली सवय पाव-पाव हिश्शाने सोडण्याची रीत त्यांनीच अन्यत्र दिली आहे. भाजी-आमटीतील मीठ आधी पाव हिश्शाने कमी करावे आणि जिभेला ती चव सरावली की पुढच्या पाव हिश्शाकडे वळावे. एकट्या रुग्णासाठी वेगळा अळणी स्वयंपाक करण्यापेक्षा सगळ्या घराने हे एकत्र केले तर पथ्य टिकते, आणि ज्याला पथ्य आहे त्याला ताटावर एकटे पडल्यासारखे वाटत नाही.

यानंतर पानाची डावी बाजू तपासावी. मीठ, लोणचे, पापड, चटणी हे सारे तिथेच वाढले जाते. वरून घ्यायचे मीठ वाढूच नये; लोणच्याऐवजी लिंबाची फोड, मीठ न घातलेली काकडीची कोशिंबीर आणि अगदी थोड्या मिठाची जवसाची किंवा कारळ्याची चटणी ठेवावी. भाकरीच्या पिठात आणि भातात मिठाची गरज नसते. आमसूल, लसूण, जिरे, ओले खोबरे आणि कोथिंबीर यांनी दुधी, पडवळ, दोडका किंवा मुगाच्या वरणाला पुरेशी चव येते. ताकातही जिरेपूड पुरते. सुके बोंबील वा सुकट खाणाऱ्यांनी ते क्वचितच खावे.

सैंधव चालते, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. आयुर्वेदाने लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले असले, तरी तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे, पादेलोणही तसेच. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन पुरेसे नसते. उपवासाच्या पदार्थांतही हीच काळजी घ्यावी. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते, तसेच रोजचे शहाळ्याचे पाणी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

घरगुती औषधांबाबत अधिक सावध राहावे. खोकल्यासाठी सर्रास चघळले जाणारे ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. लवणभास्कर चूर्णात तर नावाप्रमाणेच लवणे आहेत. सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्या शोधनिबंधातून जगापुढे मांडला. ती खरोखरच प्रभावी आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिच्यामुळे नैराश्य येऊ शकते. वैद्यांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि डॉक्टरांकडे जाताना वैद्यांच्या औषधांची यादी सोबत न्यावी.

दिनचर्येत आयुर्वेद अर्धशक्ती व्यायाम सांगतो, म्हणजे धाप लागून थकण्याआधी थांबायचे. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण तेवढीच पुरत नाही. आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालावे. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी श्वास न रोखता करावेत. रक्तदाब आटोक्यात नसताना भस्त्रिका, जोरकस कपालभाती व शीर्षासन टाळावे. रात्रीची झोप वेळेवर घ्यावी, तंबाखू सोडावी आणि मद्य टाळावे.

या साऱ्याचा उपयोग होतो आहे का, हे मोजल्यानेच कळते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, पाठ टेकून व पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरचे आकडे वारंवार १३५/८५ च्या वर जात असतील तर वही घेऊन डॉक्टरांना भेटावे. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हातपायातील शक्ती गेली असेल, तर कोणताही घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.