घरातलं माणूस जात असताना उशाशी कसं बसावं

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे शेवटचं आजारपण आलं की मला निरोप येतो. मी एकतीस वर्षं वॉर्डात नर्स होते, म्हणून असेल. दारातच घरातली मुलगी नाहीतर सून हळू आवाजात विचारते, "काकू, आत जाऊन आम्ही बोलायचं तरी काय?" तिच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक करा. "बरे व्हाल हो" म्हणणं थांबवा. हे मी स्वतः चूक करून शिकले. डॉक्टरांनी केमो बंद केली आणि आम्ही ह्यांना लालबागच्या खोलीवर घेऊन आलो. तीन आठवडे मी रोज तेच घोकत होते. एका रात्री ह्यांनी विचारलं, "अगं, मी जाणार ना?" मी पेज ढवळत होते. चमचा बाजूला ठेवला आणि म्हटलं, "होय." हे म्हणाले, "मग बस जरा." त्यांना कितीतरी बोलायचं होतं आणि माझ्या खोट्या धीरामुळे ते अडून राहिलं होतं. पासबुक कुठे आहे ते सांगितलं. मग नगरच्या धाकट्या भावाचा विषय काढला. शेताच्या बांधावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. मी फोन लावून ह्यांच्या कानाशी धरला. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग भाऊजी म्हणाले, "दादा, जेवलास का?" एवढंच. पण त्या रात्री हे शांत झोपले. म्हणून सांगते, क्षमा मागायची असेल, द्यायची असेल, तर माणूस शुद्धीवर असतानाच फोन लावा.

वाचायला काय घ्यावं? बायबल उघडून अध्यायच्या अध्याय वाचू नका, आजारी माणूस थकतो. एक स्तोत्र पुरतं, आणि ते त्यांच्या लहानपणीच्या शब्दांत वाचा, घरातल्या जुन्या प्रतीतून. तेविसावं स्तोत्र बहुतेकांना पाठ असतं, पण सावकाश वाचलं की त्यातली एक गोष्ट दिसते. सुरुवातीला मेंढपाळाबद्दल सगळं "तो" असं आहे: तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच शब्द बदलतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात असताना देवाबद्दल बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलायला लागतो. तिथे थांबा. पुढचं नाही वाचलं तरी चालेल. डोळे मिटलेले असले तरी वाचा, कान बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. म्हणूनच खाटेशेजारी उभं राहून दफनाच्या खर्चाची चर्चा करू नका.

ह्यांना मात्र योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय हवा असायचा, त्यात येशू म्हणतो: "माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत... मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो." मुंबईत "जागा" या शब्दाला काय वजन आहे, ते चाळीत राहिलेल्यालाच कळतं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण. ह्यांचं अर्धं आयुष्य गॅलरीत झोपण्यात गेलं. ते वचन आलं की हे हाताने खूण करायचे, परत वाच.

भेटायला येणारे सगळे धीर देतातच असं नाही. एकजण आमच्याकडे येऊन म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, नाहीतर प्रभू बरं करतो." तुमच्याकडे असं कुणी बोललं तर त्यांना नम्रपणे चहा द्या आणि बाहेरच्या खोलीत बसवा. लाजर हा येशूचा मित्र, तो मेला तेव्हा त्याच्या कबरेशी उभा असलेल्या येशूला ठाऊक होतं की आपण त्याला उठवणार आहोत, तरीही वचन म्हणतं, "येशू रडला." तेव्हा रडा. आजाऱ्यासमोरही रडलं तरी चालतं. लाजरही पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. आपण टेकतो ते स्वतः मरणातून जाऊन तिसऱ्या दिवशी उठलेल्या प्रभूवर. आजार बरा होतो की नाही यावर ही आशा उभी नाही, म्हणून रिपोर्ट वाईट आला तरी ती ढळत नाही.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली आणि पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. मधले ते महिने त्या मराठी बायबलच्या कामाला लागलेल्या होत्या. दुःख असताना हातात काम धरायला मी त्यांच्याकडून शिकले.

आता देहाचं. तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसाने ओठ टिपा, चमच्याने पाणी ओतू नका, ठसका लागतो. जेवण नको म्हटलं तर आग्रह करू नका. पाय गार पडतात, श्वासात मोठा खंड पडतो. घाबरू नका, जायच्या वेळी असं होतं. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर घ्या, वेदना सोसण्यात जास्त भक्ती नाही. कॅन्सरचं दुखणं घरी झेपेनासं झालं तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं घर. तिथे कुठल्याही जातीधर्माच्या रुग्णाची विनामूल्य सेवा होते. आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वेळेत बोलवा, गिळता येतंय तोवर प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, होऊ दे. कॅथलिक घर असेल तर तैलाभ्यंगासाठी, म्हणजे तेल लावून प्रार्थना करण्यासाठी, फादरना बोलवायला शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. तो संस्कार आजाऱ्यांसाठी आहे, फक्त मरणाऱ्यांसाठी नाही.

हे गेले तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते, खाली दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज येत होता. मी ह्यांचा हात धरून "जा तुम्ही, मी येतेच मागून" म्हटलं. असं मोकळं करणारं एक वाक्य तुमचंही तयार ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

मुंबईत पुष्कळ ठिकाणी कबर कायमची नसते, काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढे धक्का बसत नाही. सेमेट्री हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ निजायची जागा. निजलेल्याला उठवणारा त्याचा पत्ता विसरत नाही, एवढं मुलांना सांगून ठेवा.

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला, प्रभू उठल्याच्या सणाला, घरात बसू नका. आम्ही अंधार असतानाच शिवडीच्या सेमेट्रीत जातो, फुलं आदल्या संध्याकाळी दादरहून आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावा, खाडीकडून वारा येतो.