'मी अलम्नाय आहे' असं लिहिताय? माजी विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

गेल्या महिन्यात भाच्याने नोकरीचा अर्ज नजरेखालून घालायला पाठवला. पहिलंच वाक्य, 'आय ॲम ॲन अलम्नाय ऑफ…' आणि पुढे कॉलेजचं नाव. अर्ज नेटका, मार्क चांगले. पण 'अलम्नाय' म्हणजे अनेक माजी विद्यार्थी, त्यामुळे पहिल्याच ओळीत एकटा मुलगा अनेकवचनी झालेला! ही चूक इतकी रुळली आहे की कुणाला खटकतही नाही, म्हणून लिहायला बसलो.

शब्द मूळचा लॅटिन. 'अलेरे' म्हणजे पोसणं. त्यावरून 'अलुम्नुस', म्हणजे ज्याला पोसलं, वाढवलं तो. इंग्रजीने हा शब्द घेतला तो त्याच्या लॅटिन रूपांसकट. एक माजी विद्यार्थी असेल तर अलम्नस, शेवटी यू-एस. एक माजी विद्यार्थिनी असेल तर अलम्ना, शेवटी नुसता ए. अनेक जण असतील तर अलम्नाय, शेवटी आय. आणि सगळ्या विद्यार्थिनीच असतील तर शेवटी ए-ई, उच्चार अलम्नी. आपल्याला हे जड जाऊ नये. आपणही विद्यार्थी-विद्यार्थिनी असा फरक करतोच, आणि मुलगे-मुली एकत्र असले की सरसकट 'विद्यार्थी' म्हणतो. लॅटिनचीही हीच रीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाचे अलम्नस. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, म्हणून त्या तिथल्या अलम्ना. ते कॉलेज तेव्हा फक्त स्त्रियांचं, त्यामुळे त्यांच्या वर्गातल्या साऱ्याजणी मिळून ए-ईवाल्या अलम्नी.

उच्चारात खरी गोची आहे. इंग्रजीत आयवालं रूप 'अलम्नाय' आणि ए-ईवालं 'अलम्नी'. जुन्या रोमन उच्चारात नेमकं उलट: आयचा 'ई' आणि ए-ईचा 'आय'. आपल्याकडे सर्रास 'अलुम्नी' ऐकू येतं, ते रोमन कानाला बरोबरच वाटलं असतं. पण इंग्रजी भाषणात मिश्र गटाला 'अलम्नाय'च म्हणा.

'माजी अलम्नाय' किंवा 'एक्स अलम्नस' मात्र कुठेच नको. माजीपण त्या शब्दातच आहे. 'अलम्नायस' हेही चूक, अनेकवचनाचं पुन्हा अनेकवचन कशाला?

'अल्मा मेटर'चीही अशीच गल्लत होते. 'मी या शाळेचा अल्मा मेटर' असं एकाने व्यासपीठावरून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. अल्मा मेटर म्हणजे पोसणारी आई, म्हणजे शाळा. आपण तिची लेकरं. रोमन लोक 'अल्मा' हे विशेषण धान्याची देवी सेरेस हिच्यासारख्या देवींना लावत. इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ, ज्याची स्थापना १०८८ची मानतात, आजही स्वतःच्या नावात 'अल्मा मातेर' मिरवतं. 'अल्मा'ही त्याच 'अलेरे'मधून आलेला, म्हणजे आई आणि लेकरू दोन्ही शब्द एकाच धातूचे. मला हे फार आवडतं.

स्नेहमेळाव्याच्या बॅनरवर 'अलम्नाय मीट' ठीक आहे, तिथे सगळे असतात. टी-शर्टवर 'प्राउड अलम्नाय' छापायला टाकलं असेल तर आधी प्रूफ मागवा: शर्ट एकेकट्याच्या अंगात जाणार, तिथे अलम्नस किंवा अलम्ना हवं. दोन साचे करणं परवडत नसेल तर सरळ मराठीत शाळेचं नाव आणि बॅचचं वर्ष छापा.