मिड-सेंच्युरी पलंगाला कोणते पाय लावावेत?

मिड-सेंच्युरी धाटणीच्या पलंगाची खरी शोभा त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० आणि १९६०च्या दशकांत बहरलेल्या या शैलीत चौकट सडपातळ ठेवून जमिनीपासून उचललेली असते. खालून उजेड आरपार जातो, म्हणून एवढी मोठी वस्तू खोलीत अंगावर येत नाही. हा हलकेपणा पायांमुळे येतो, आणि दोन माणसं, गादी, चौकट मिळून सहज दोनशे किलोचा भारही त्याच पायांना पेलायचा असतो. त्यामुळे पायांचा आकार आधी पसंत करू नका. सुरुवात उंचीपासून करा.

उंची काढा

गादीच्या कडेला बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि उठताना जोर लावावा लागू नये. बहुतेक मोठ्या माणसांना जमिनीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंत ४५ ते ५५ सेंटीमीटर बरं पडतं. गुडघे दुखत असतील तर थोडं जास्तच ठेवा. या आकड्यातून गादीची आणि चौकटीची जाडी वजा करा. समजा, ५० सेंटीमीटर हवेत, गादी २० ची आणि तिच्याखालची चौकट ८ ची, तर पाय २२ सेंटीमीटरचे. गादी ३० ची असेल तर पायांना १२ च उरतात. पलंग बसका दिसतो आणि खाली झाडू फिरवणंही अवघड होतं. अशा वेळी पायांशी झगडण्यापेक्षा पातळ गादी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आकार

या शैलीची ओळख म्हणजे वर जाड आणि खाली निमुळता होत गेलेला गोल लाकडी पाय. वर ४५-५० मिलिमीटर आणि टोकाला २५ च्या आसपास, हे प्रमाण पलंगाला शोभतं आणि पुरतंही. तो सरळ लावला तर पलंग शांत, नेमका दिसतो. बाहेर तिरका लावला तर त्यात डौल येतो. पण २२ सेंटीमीटरचा पाय १५ अंशांनी तिरका केला की त्याचं टोक जवळजवळ ६ सेंटीमीटर बाहेर जातं. ते चौकटीबाहेर डोकावत असेल तर रात्री अंधारात करंगळी तिथेच आपटते. म्हणून तिरका पाय कोपऱ्यापासून तेवढा आत घ्या, किंवा तिरकेपणा १० अंशांवर आणा.

वाकवलेल्या सळीचे हेअरपिन पाय अमेरिकी डिझायनर हेन्री ग्लास यांनी १९४१ मध्ये आणले. ते फार देखणे आहेत. पण पलंगासाठी तीन सळ्यांचेच निवडा, दोन सळ्यांचे डुलतात. तिसरा पर्याय म्हणजे पायांची जोडी एकाच चौकटीत बांधणं, जसं अमेरिकी डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या १९४६ च्या फळ्यांच्या बाकाला आहे. पलंग मोठा असेल तर मला हाच प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण आडवी पट्टी दोन्ही पायांना धरून ठेवते.

जोड नीट पाहा

इथे घाई करू नका. पाय लाकडाचा असो की लोखंडाचा, पलंग करकरतो तो जोडापाशी. माझ्या पहिल्या पलंगाचे तिरके पाय पत्र्याच्या प्लेटवर बसवले होते आणि ती प्लेट चार आखूड स्क्रूंनी पातळ प्लायला धरली होती. वर्षभरात आवाज सुरू झाला. पलंग उलटा करून पाहिलं, तर स्क्रूची भोकं लंबगोल झाली होती आणि भोवती लाकडाचा भुसा साचला होता. पायाला काहीच झालं नव्हतं.

याचं कारण सरळ आहे. सरळ पायावर भार थेट खाली उतरतो. तिरका पाय मात्र प्रत्येक वेळी जोड उचकटायला बघतो. त्यामुळे कोपऱ्यात आतून भरीव लाकडी ठोकळा हवा, तो चौकटीच्या दोन्ही पट्ट्यांना जोडलेला हवा आणि पाय त्या ठोकळ्यात निदान ८ मिलिमीटरच्या बोल्टने आवळलेला हवा. विकत घेताना चौकटीचा कोपरा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून बघा. रिकामा पलंग हलला, तर माणसं झोपल्यावर तो आणखी हलणार. लाकडी पायावरच्या रेषाही बघा. त्या पायाच्या लांबीने सरळ गेलेल्या हव्यात. आडव्या कापल्या गेल्या असतील तर पाय निमुळत्या टोकाशी तुटू शकतो.

मधला पाय

दोघांच्या पलंगाला मध्ये उशापासून पायथ्यापर्यंत आधारपट्टी आणि तिच्याखाली किमान एक पाय लागतोच, नाहीतर गादी मधोमध खचते. तो साधा आणि सरळ घ्या, गडद रंगवा. आत असल्याने नजरेस पडत नाही. खाली उंची कमी-जास्त करणारा स्क्रू असेल तर खडबडीत जमिनीवरही तो टेकतो.

ठरवण्यापूर्वी

पुठ्ठ्यातून पायांचे खऱ्या मापाचे आकार कापा, पलंगाच्या जागी उभे करा आणि दारातून बघा. खोलीत इतर फर्निचर जाड पायांचं असेल तर अगदी बारीक पाय पोरके दिसतात, हे इथेच कळतं. पाय बसवल्यावर तळाला फेल्टच्या चकत्या चिकटवा. पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. नवं लाकूड तोवर थोडं बसलेलं असतं.