प्राग की बुडापेस्ट? निवडताना या चुका टाळा

"ताई, प्राग का बुडापेस्ट? पटकन सांग, तिकिटं काढायचीयेत." मावसभावाचा रात्री अकराला मेसेज, खाली दोन फोटो. दोन्हीत नदी, दोन्हीत पूल, दोन्हीत टेकडीवर दिवे लागलेला राजवाडा. फोटोवरूनच ठरवायचं असेल तर सरळ नाणं उडव म्हटलं. मग मी उलट विचारलं, बरोबर कोण येतंय? तर म्हणे आई-बाबा, बायको आणि चार वर्षांचा पोरगा. मग हा प्रश्न फोटोचा नाहीच, गुडघ्यांचा आणि पोटाचा आहे.

मी प्राग आई-बाबांना घेऊन केलंय, बुडापेस्ट नवरा आणि लेकीबरोबर, आणि एकदा हावरटपणा करून एकाच ट्रिपमध्ये दोन्ही. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातल्या बऱ्याचशा चुका घरच्याच आहेत.

फोटो बघून ठरवणं

माझं सरळ मत सांगते, प्राग हे चालायचं शहर आहे आणि बुडापेस्ट हे बसायचं. प्रागचं जुनं गाव दुसऱ्या महायुद्धात बऱ्यापैकी वाचलं, त्यामुळे गल्ल्या अजून तशाच अरुंद, वाकड्यातिकड्या आणि दगडी. चार्ल्स ब्रिजचं काम १३५७ साली सुरू झालं, लांबी ५१६ मीटर, वर एकही गाडी नाही, म्हणजे तो पायीच ओलांडायचा. सगळं जवळजवळ आहे हे खरं, पण त्या "जवळ"मध्ये दिवसाला सहज दहा-बारा किलोमीटर होतात. आमच्या बॅगेचं एक चाक पहिल्याच संध्याकाळी दगडांच्या फटीत अडकून निखळलं आणि बाबांनी ती बॅग पुढचे सगळे दिवस लंगड्या बकरीसारखी ओढली.

बुडापेस्टचं तसं नाही. बुडा, पेश्त आणि ओबुडा ही तीन गावं १८७३ मध्ये एकत्र करून हे शहर झालं, आणि पेश्तचा बराचसा भाग त्याच काळात ऐसपैस रस्ते आखून बांधला. त्यामुळे फूटपाथ रुंद, ट्राम भरपूर. २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते, खिडकीत बसून पार्लमेंट, चेन ब्रिज, समोरचा बुडाचा किल्ला सगळं दिसतं, तेही साध्या तिकिटात. १८९६ ची जुनी मेट्रो, म्हणजे एम१, रस्त्याच्या अगदी खालीच आहे, थोड्या पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म, आणि ती थेट सेचेनी बाथच्या दारात सोडते. हे बाथ, म्हणजे गरम पाण्याचे तलाव असलेलं सार्वजनिक स्नानगृह, १९१३ चं. (चित्रकार अमृता शेरगिल बुडापेस्टलाच जन्मली, तीही १९१३ मध्येच, उगाच आठवलं.) गरम पाण्यात दोन तास बसून राहणं हाच तिथला कार्यक्रम असतो.

प्राग ठरलंच असेल आणि बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर उपाय आहे. किल्ल्यावर चालत चढू नका, २२ नंबरच्या ट्रामने वर जा आणि फक्त उतरताना चाला. जुन्या गावातल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळासमोर तासभर आधीपासून उभं राहू नका, ते १४१० सालचं यंत्र म्हणून कमालच आहे, पण दर तासाचा बाहुल्यांचा खेळ एक मिनिटही चालत नाही, आईने "झालं?" असं विचारलं तेव्हा आजूबाजूचे चार परके लोकपण हसले. आणि दोन्ही शहरांत मेट्रोचे सरकते जिने आपल्या मॉलपेक्षा बरेच जोरात पळतात, म्हाताऱ्या माणसाचा हात धरा.

छोटी मुलं असतील तर बाथ बघून बुडापेस्ट निवडणं हीसुद्धा चूक होऊ शकते. मोठ्या थर्मल बाथमध्ये १४ वर्षांखालच्या मुलांवर बंधनं आहेत, तिकीट काढायच्या आधी त्या त्या बाथचा नियम वाचा. आणि ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात ते गेल्लेर्त बाथ ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, काही वर्षं तरी उघडत नाही, तेवढ्यासाठी जाणार असाल तर थांबा.

"एवढं लांब जातोय तर दोन्ही करू"

हा आपला राष्ट्रीय आजार. नकाशावर दोन्ही शेजारी वाटतात, पण प्राग ते बुडापेस्ट थेट ट्रेनला साधारण सात तास लागतात. पाच रात्रींच्या ट्रिपमधला एक अख्खा दिवस रेल्वेत, त्यात हॉटेल सोडणं, दुसरं गाठणं, दुपारपर्यंत रूम न मिळणं. आम्ही नेमकं हेच केलं आणि बुडापेस्टला पोचलो तेव्हा लेक जेवतानाच झोपली.

सात-आठ रात्री असतील तरच दोन्ही करा, आणि मग मध्ये व्हिएन्ना घाला, प्राग ते व्हिएन्ना चार तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत, प्रवासाचे असे दोन तुकडे झाले की त्रास होत नाही. विमानाचं तिकीट मात्र जाताना प्रागचं आणि परतताना बुडापेस्टहून काढा. दुबई, दोहाहून दोन्हीकडे विमानं आहेत, त्यामुळे असं मल्टी-सिटी तिकीट नेहमीच महाग पडतं असं नाही. पहिल्या शहरात परत येणं म्हणजे आणखी सात तास, बाकी काही नाही.

बुडापेस्टला मोठी स्टेशनं तीन, केलेती म्हणजे पूर्व, न्युगाती म्हणजे पश्चिम, देली म्हणजे दक्षिण. आता गंमत बघा, व्हिएन्ना पश्चिमेला, पण तिकडच्या गाड्या बहुतेक पूर्व स्टेशनवरून सुटतात आणि प्रागच्या बहुतेक पश्चिम स्टेशनवरून. दिशेवर जाऊ नका, तिकिटावर छापलेलं नाव वाचा. आणि प्रागला तिकडे बोर्डावर "प्राहा" लिहितात, ते दुसरं गाव नाही.

अपॉइंटमेंट जिथली मिळेल तिथला व्हिसा

दोन्ही देश, चेक आणि हंगेरी, शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपियन देशांच्या गटात, त्यामुळे एकाच व्हिसावर दोन्ही होतात, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुमच्या मनावर नाही. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. प्रागला चार आणि बुडापेस्टला तीन रात्री असतील तर अर्ज चेकचा, मग हंगेरीची तारीख कितीही लवकर मिळत असो. उलटं करता येतं, तारीख हंगेरीची मिळाली तर प्लॅनच बदलून बुडापेस्टच्या रात्री खरोखर वाढवा. नुसत्या कागदावर नको, कारण उतरल्यावर हॉटेल बुकिंग विचारू शकतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण मे-जूनच्या गर्दीत पंधरा दिवसांवर विसंबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. शहर आणि रात्री आधी ठरवा, मग अपॉइंटमेंट घ्या, मग बाकीचं.

पैसे: इथे सगळेच फसतात

पहिली चूक घरूनच होते, युरो घेऊन जाणं. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये आहेत पण दोघांचंही चलन युरो नाही. चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. डोक्यातल्या हिशोबासाठी माझी पद्धत अशी, कोरुनाला ढोबळमानाने चारने गुणा, फोरिंटला चारने भागा, रुपये आले. बुडापेस्टला पहिल्या दिवशी जेवणाचं बिल बारा हजार बघून नवऱ्याचा चेहरा पडला होता, तीन हजार रुपये कळल्यावर परत गोड खायला तयार.

दुसरी चूक, "शून्य टक्के कमिशन". प्रागच्या जुन्या गावात एका एक्सचेंजच्या टपरीवर बाबांनी १०० युरो दिले. बाहेर मोठ्या अक्षरात शून्य टक्के, आत काचेमागे बारीक अक्षरात रेट. हातात आले जेमतेम अठराशे कोरुना, बाजारभावाने चोवीसशेच्या आसपास यायला हवे होते. फूटपाथवर उभं राहून मोबाइलवर गुणाकार केला तेव्हा लक्षात आलं. पण इथे एक चांगली गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते, चेकमध्ये २०१९ पासून कायदा आहे की १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती लागते. आम्ही परत गेलो, पावती ठेवली, "कॅन्सल" एवढंच म्हटलं. काउंटरवाल्याने एक उसासा टाकला आणि निमूट आमची १०० ची नोट परत केली. बाबा त्या दिवशी किल्ला जिंकल्यासारखे चालत होते. तर पावती फेकू नका.

तिसरी एटीएमची. मशीन विचारतं, रुपयांत रक्कम घेऊ का, "विथ कन्व्हर्जन". नाही म्हणा. दुकानातल्या कार्ड मशीनवरही तेच, नेहमी तिथलं चलन निवडा, नाहीतर मशीनवाल्याचा रेट लागतो आणि तो कधीच तुमच्या भल्याचा नसतो. आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल वापर चालू करा, आपल्याकडे नवीन कार्डावर ते बंद असतं. मुंबई विमानतळावर आठवलं तरी चालेल, तिथे पोचून रोमिंग नाही, ओटीपी नाही, अशा अवस्थेत नको.

तिकीट काढलं, पण पंच नाही केलं

दोन्हीकडे मेट्रोला आपल्यासारखं गेट नाही, त्यामुळे वाटतं कोणी बघत नाही. बघतात. आणि दोन शहरांचे नियम उलटे आहेत, म्हणून दोन्ही करणारे हमखास चुकतात. प्रागमध्ये तिकीट वेळेचं, पहिल्यांदा चढताना मशीनमध्ये एकदाच छापायचं, मग तेवढ्या मिनिटांत ट्राम-मेट्रो काहीही बदला, परत छापायचं नाही. बुडापेस्टमध्ये साधं कागदी तिकीट एका प्रवासाचं, एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत चालतं, पण मेट्रोतून ट्राममध्ये गेलात की नवीन तिकीट, नवीन पंच. आम्ही प्रागच्या सवयीने बुडापेस्टला तेच तिकीट घेऊन ट्राममध्ये बसलो आणि दंड भरला. दंड जागेवर भरला तर कमी लागतो, तेव्हा वाद घालत बसू नका. तीन दिवस राहणार असाल तर ७२ तासांचा पास काढा आणि विषय संपवा.

एक अपवाद, बुडापेस्ट विमानतळाची १००ई बस. तिला वेगळं तिकीट लागतं, साधा पास चालत नाही. कार्ड टॅप करून चढता येतं. पैसे वाचवायचे तर २००ई बस आणि पुढे मेट्रो, त्याला साधी तिकिटं चालतात. आणि बुडापेस्टला ६५ च्या वरच्यांना फुकट प्रवास आहे हे वाचून खूश होऊ नका, तो युरोपियन युनियनच्या नागरिकांना. पार्लमेंटच्या तिकिटाचंही तसंच, आपल्याला दर बराच जास्त, आणि आयत्या वेळी जाऊन मिळत नाही, आठवडाभर आधी ऑनलाइन काढा.

"तिकडे काय, ब्रेड-बटर खाऊ"

दोन दिवस खाल. तिसऱ्या दिवशी आईने हॉटेलच्या किटलीत मॅगी केली. शाकाहारी असाल तर माझा कौल बुडापेस्टला, कारण तिथे फोझेलेक नावाचा प्रकार असतो, मटार, पालक, बटाटा, मसूर कसलीही दाटसर पातळ भाजी, घरगुती चवीची, फक्त "वर मांस नको" असं सांगायचं, आणि शिजवताना चरबी घातली का तेही विचारायचं. लेचो म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटो, पण त्यात कधीकधी सॉसेज असतं. तिखट पाहिजे तर "चीपोश" म्हणा, ते लोक पेपरिका मनापासून खातात. गुयाश मात्र मटणाच्या रश्शासारखं बीफचं सूप आहे, ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी नाव ऐकून मागवू नका.

प्रागला मेन्यूत "बेझमासा" हा भाग शोधा, म्हणजे बिनमांसाचे पदार्थ. तिथे तळलेलं चीज, स्माझेनी सिर, मिळतंच मिळतं, एकदा मजा येते, रोज नाही. बटाट्याच्या धिरड्यात बेकन घालतात कधीकधी, विचारा. आणि गल्लोगल्ली निखाऱ्यावर फिरणारं ते गोड नळकांडं, त्रदेल्निक, "प्रागची शेकडो वर्षांची परंपरा" म्हणून विकतात, तसं ते नाही, तसंच भावंड हंगेरीत कुर्तोशकलाच म्हणून मिळतं आणि ते खरंच जुनं.

बुडापेस्टला बिलात १२ ते १५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो बऱ्याचदा, बिल वाचून मगच टिप द्या.

मोसमाचं थोडक्यात. डिसेंबरात दोन्हीकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ख्रिसमस मार्केटसाठी जाणार असाल तर ठीक, "सगळं बघू" असं असेल तर दिवस पुरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बुडापेस्ट चांगलंच तापतं. मे किंवा सप्टेंबर धरा.

तर मावसभावाला एवढं सगळं सांगितलं, गुडघे आणि पोट दोन्ही बघून बुडापेस्ट ठरलं, पोराला बाथमध्ये नेता येणार नाही हेही त्याला पटलं. अर्ध्या तासाने परत स्क्रीनशॉट, "ताई, बघ किती स्वस्त मिळालं!" मी झूम करून बघितलं. शहराच्या नावाखाली विमानतळाचा कोड, ओटीपी. तो बुडापेस्टचा नाही, बुखारेस्टचा, म्हणजे रोमानियाचा. बुडापेस्टचा कोड बीयूडी. त्याला लगेच फोन लावला, म्हटलं बँकेचा ओटीपी टाकला नसशील तर टाकू नको. टाकतच होता.