पित्ताचा रस्ता बोटाने गिरवा : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी

इंदूरच्या मराठी घरांतून एमजीएमला (इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला) आलेली पहिल्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, "दादा, लिव्हर आणि पित्ताशय नेमकं कुठून वाचू?" प्रश्न रास्त आहे. अ‍ॅनाटॉमीत नळ्या, फिजिओलॉजीत हॉर्मोन्स, बायोकेमिस्ट्रीत कोलेस्टेरॉल, असा एकच विषय तीन खात्यांत वाटला गेलाय आणि तिन्ही तुकडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कोरा कागद घ्या, पित्ताचा पूर्ण रस्ता काढा आणि त्यावर बोट ठेवून, मोठ्याने बोलत चाला. २०२२पासून आपल्याकडे, मध्य प्रदेशात, एमबीबीएसची हिंदीतली पुस्तकंही आली आहेत. वाचा कशातूनही, पण समजलंय का हे बघायचं असेल तर घरी आईला मराठीत सांगून बघा.

सुरुवात यकृताच्या लोब्यूलपासून, म्हणजे त्याच्या छोट्या षटकोनी घटकापासून करा, आणि इथे घाई नको. षटकोन काढा, मध्ये सेंट्रल व्हेन, कोपऱ्यांवर पोर्टल ट्रायड (पोर्टल व्हेन, हेपॅटिक आर्टरी आणि पित्ताची नळी, अशी जुडी). रक्त कोपऱ्याकडून मध्याकडे जातं. पित्त बरोबर उलट, मधल्या पेशींकडून कोपऱ्यातल्या नळीकडे. लाल बाण आणि हिरवा बाण एकमेकांविरुद्ध काढले की ही गोष्ट जन्मात विसरत नाही. पेशींच्या मधल्या बारीक कॅनालिक्युलायमधून पित्त नळ्यांत येतं, मग उजवी-डावी हेपॅटिक डक्ट, दोन्ही मिळून कॉमन हेपॅटिक डक्ट. तिला पित्ताशयाची सिस्टिक डक्ट येऊन मिळाली की पुढे कॉमन बाईल डक्ट, जी ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) दुसऱ्या भागात उघडते. तोंडाशी स्फिंक्टर ऑफ ओडी, म्हणजे ते तोंड आवळणारा स्नायू.

आता आकडे. यकृत २४ तासांत साधारण ६०० ते १००० मिली पित्त तयार करतं. पित्ताशयात मावतं ३० ते ६० मिली. मग हा हिशेब जमतो कसा? पोट रिकामं असताना स्फिंक्टर आवळलेला असतो, त्यामुळे पित्ताला पुढे वाट मिळत नाही आणि ते सिस्टिक डक्टमधून पित्ताशयात चढतं. तिथलं अस्तर सोडियम, क्लोराइड आणि त्यामागोमाग पाणी शोषून घेतं. बाईल सॉल्ट्स (पित्तातले क्षार), कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्ताचं रंगद्रव्य) आतच राहतात. पित्त साधारण पाचपट दाट होतं, जास्तीत जास्त वीसपटीपर्यंत. कोलेस्टेरॉलचे खडे याच दाट पित्तात का धरतात, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये हे सगळं हाताने बघा. लिव्हरची खालची बाजू वर उचला. पित्ताशयाला चिकटलेल्या ड्युओडेनमवर, कोलनवर हिरवट डाग दिसतील. मृत्यूनंतर पित्त भिंतीतून झिरपतं, त्याचे ते डाग. कोण कोणाला खेटून आहे हे त्या डागांइतकं स्पष्ट कुठलंच चित्र सांगत नाही. सिस्टिक डक्ट उघडलेली असेल तर आतल्या नागमोडी घड्यांवरून बोट फिरवा, तो स्पायरल व्हॉल्व्ह.

इंदूरच्या सराफ्यात थंडीत गराडू (तळलेला कंद) खाल्ला की पुढे काय होतं, हे मला फार आवडीने सांगावंसं वाटतं. तेल ड्युओडेनमपर्यंत पोचलं की तिथल्या आय पेशी कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन सोडतात. ते रक्तातून फिरून येतं आणि दोन कामं एकाच वेळी करतं. पित्ताशय आकुंचन पावतं, स्फिंक्टर सैल पडतो. परीक्षेत मुलं पहिलं लिहितात, दुसरं गाळतात. जठरातल्या आम्लामुळे सुटणारं सिक्रेटिन वेगळं. ते नळ्यांच्या पेशींकडून बायकार्बोनेटचं पाणी सोडवतं. आणि पित्तात चरबी पचवणारं एन्झाइम नसतं, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पित्त चरबीचे बारीक थेंब करतं, तोडण्याचं काम स्वादुपिंडाच्या लायपेजचं.

पेशंटला सोनोग्राफीला उपाशीपोटी का बोलावतात, तेही इथेच कळतं. खाऊन आलेल्याचं पित्ताशय आकसलेलं असतं, भिंत जाड भासते, लहान खडा नजरेतून सुटू शकतो.

एमवायच्या (एमजीएमच्या हॉस्पिटलच्या) सर्जरी वॉर्डात एखाद्या काकू विचारतील, "पित्ताची पिशवीच काढली, आता तूप कायमचं बंद का हो?" तेव्हा तुमचा कागद कामाला येईल. पित्त करणारं यकृत जागेवरच आहे. साठवण गेली, त्यामुळे पित्त थोडंथोडं सतत आतड्यात उतरत राहतं आणि बहुतेकांना नेहमीचं जेवण हळूहळू सोसतं. घोड्याला आणि रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) पित्ताशय नसतंच. व्हायवात हे सांगितलं तर परीक्षक खूश होतात.

रस्ता ड्युओडेनमपाशी थांबवू नका. परतीचा बाण राहिला. सुमारे ९५ टक्के बाईल सॉल्ट्स इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या तुकड्याच्या) शेवटच्या भागात शोषले जाऊन पोर्टल व्हेनमधून यकृताकडे परततात. शरीरात एकूण साठा दोन ते चार ग्रॅमच, पण तो दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतो. उरलेली तूट यकृत कोलेस्टेरॉलपासून नव्याने भरून काढतं. व्हिटॅमिन बी १२ही त्याच टोकाला शोषलं जातं. म्हणून तो भाग काढलेला पेशंट जुलाबांची तक्रार घेऊन आला, तर बाईल सॉल्ट्स मोठ्या आतड्यात उतरत असतील हे ध्यानात घ्या आणि त्याच्या बी १२कडेही बघा.