एका बाटलीत सगळे जंत टाकू नका

माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्यात एक ओळ आहे : ‘ॲनिसाकिस, प्रजाती अनिश्चित.’ ॲनिसाकिस म्हणजे डॉल्फिनच्या जठरात राहणारा एक गोलकृमी. अवयवाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. त्या एका ओळीत माझे आठ महिने गेले. आता आमच्या विभागात दोन नव्या मुलांनी हाच विषय, डॉल्फिन-व्हेलच्या अंगातले जंत, घेतलाय आणि दोघांनीही पहिला प्रश्न विचारला तो, “ताई, फॉर्मॅलिन किती लिटर न्यायचं?” म्हणून हे लिहायला बसले.

जुलै होता. किनाऱ्याला मासा लागलाय, असा वनरक्षकांचा फोन आला. कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात, पण फोनवर सगळे ‘मासा’च म्हणतात. जाऊन बघते तर पाठीवर पर नसलेला छोटा पोर्पोइज (डॉल्फिनचाच नातेवाईक), कातडी चकचकीत, डोळे शाबूत. पावसाळ्यात लागणारी बहुतेक जनावरं फुगलेली, सालं निघालेली असतात. असं ताजं जनावर क्वचित मिळतं. पंचनामा उरकेपर्यंत भरती चढायला लागली होती. जठराचा पहिला कप्पा कापला, तर माशांच्या काट्यांत शेवयांसारखे पांढरट जंत. काही भिंतीत तोंड खुपसून झुबक्याने बसलेले, काही मोकळे, आणि सगळे जिवंत. मी गाईडना फोन लावला. ते म्हणाले, “सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाका, नंतर बघू.” मी टाकलं. जठरातले, फुप्फुसातले, चरबीतले, सगळे एकाच रुंद तोंडाच्या बाटलीत. बाटलीवर बाहेरून मार्करने तारीख घातली.

इथेच माझा विषय संपला होता, मला कळलं नव्हतं एवढंच.

ॲनिसाकिसच्या बऱ्याच प्रजाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. ॲनिसाकिस सिम्प्लेक्स म्हणून जो एक जंत आपण पुस्तकात शिकतो, तो खरं तर जवळच्या तीन प्रजातींचा गट आहे. उष्ण समुद्रात भेटणारा ॲनिसाकिस टिपिका आणखी वेगळा. नक्की कोण, हे सांगायला डीएनए लागतो. आणि फॉर्मॅलिन नेमकं त्याच्याच मुळावर येतं : प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना घट्ट बांधून टाकतं आणि धाग्याचे तुकडे करतं. मी चार वेळा डीएनए काढून पाहिला. चारही वेळा तपासणीच्या जेलवर तुलनेसाठी घातलेल्या तयार डीएनएची शिडी लख्ख आणि माझ्या नमुन्यांचे रकाने कोरे. शिवाय थंड फॉर्मॅलिनमध्ये जिवंत पडलेला जंत आक्रसून पिळवटून मरतो. मग त्याचं शेपूट, नराचे मिलनासाठीचे काटे, ओठ, काहीच सरळ दिसत नाही. म्हणजे रेणू गेले आणि रूपही गेलं.

आता नीट वाचा. गोलकृमी मिळाले की आधी सलाइनमध्ये हलक्या हाताने धुवायचे, साध्या पाण्यात नाही, पाण्यात ते फुगून फुटतात. मग सत्तर टक्के अल्कोहोल गरम करून त्यात सोडायचे. जंत क्षणात सरळ होऊन मरतो, दोरा ताणल्यासारखा. अल्कोहोल उघड्या ज्योतीवर कधीच तापवू नका. थर्मासमधल्या गरम पाण्यात बाटली धरली तरी पुरतं. त्यातले काही जंत वेगळे काढून पंचाण्णव टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, ते डीएनएसाठी. जंत एकच असेल तर पुढचं टोक आणि शेपूट ओळखीसाठी ठेवा आणि मधला तुकडा डीएनएसाठी द्या. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! पर्णकृमी आणि फीतकृमी यांचं उलटं : त्यांना आधी गार पाण्यात सैल पडू द्यायचं, मगच टिकवायचं, नाहीतर ते गोळा होऊन बसतात. फॉर्मॅलिन लागतंच, पण ते ऊतकासाठी. जठराच्या भिंतीत गाठी दिसल्या, तर आत बहुधा फोलेटर नावाचा बारीक पर्णकृमी असतो. अशी एक गाठ अख्खी कापून दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरी फोडून आतले कृमी अल्कोहोलमध्ये.

आणि प्रत्येक अवयवाची बाटली वेगळी. अवयव कळला नाही तर अर्धी ओळख जाते. गोलकृमींचंच बघा : स्टेन्युरस हा कान आणि कवटीतल्या हवेच्या पोकळ्यांत राहतो, हॅलोसर्कस श्वासनलिकांत, क्रॅसिकॉडा चरबीत, मूत्रपिंडात, दुधाच्या ग्रंथीत. एका बाटलीत मिसळले की कुठला कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. जनावर मेल्यावर काही जंत जागा सोडून फिरतात, त्यामुळे ‘इथे सापडला’ एवढंच लिहा, ‘इथे राहत होता’ असं लिहू नका. माझ्या बाटलीवरची मार्करची तारीख तर जीप घाट चढेपर्यंत पुसून गेली होती. आमच्या लॅबमधल्या मामांनी ती बाटली हातात घेतली, फिरवून बघितली आणि एवढंच म्हणाले, “मॅडम, चिठ्ठी आत टाकायची. पेन्सिलने.” जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, जंताबरोबर बाटलीच्या आत. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल राहते. तीस वर्षं बाटल्या धुतलेल्या माणसाकडून मी जे शिकले ते दोन वर्षांच्या सेमिनारांत मिळालं नव्हतं. गाईड निवडताना माझं मत विचाराल तर ज्यांचा शेवटचा शवविच्छेदनाचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, त्यांच्याकडे जाऊ नका. नाव मोठं असेल, पण वाळूत उभं राहून फोन लावल्यावर कामाचं उत्तर येणार नाही.

डोकं उघडायचा कंटाळा करू नका. कवटीच्या तळाशी हवेच्या पोकळ्या असतात, तिथे नॅसिट्रेमा नावाचा पर्णकृमी राहतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांच्या मेंदूत त्याची अंडी आणि त्यांनी केलेल्या जखमा सापडल्या आहेत. भरती येतेय म्हणून बहुतेकजण डोकं सोडून देतात. मीही दिलं होतं.

गुदद्वाराच्या आजूबाजूची चरबी हळूहळू, पातळ काप घेत बघा. भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतील. दाणा फोडला की आत फीतकृमीचं पिल्लू. त्याचं प्रौढ रूप डॉल्फिनमध्ये होत नाही, मोठ्या शार्कच्या आतड्यात होतं. शार्कने डॉल्फिन खाल्ला की मगच पुढची पिढी. पहिल्यांदा तो दाणा सुईच्या टोकावर उघडला तेव्हा माझे हात थांबले होते. या विषयात मी टिकले ती अशा क्षणांमुळे.

परांच्या मागच्या कडेला काळपट, लोंबणारं काही दिसलं तर जंत म्हणून नोंदवू नका. ते झेनोबॅलॅनस, म्हणजे एक प्रकारचा बार्नेकल, अंगाला चिकटून राहणारा सागरी जीव असतो. मोठ्या व्हेलवरच्या ‘उवा’सुद्धा कीटक नाहीत, खेकड्या-कोळंबीच्या नात्यातले आहेत. त्यांना पोहण्याची अवस्थाच नसते, त्यामुळे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला व्हेलच एकमेकींना घासाव्या लागतात.

एक इशारा कडक शब्दांत देते. जंत सापडले म्हणजे मरणाचं कारण सापडलं, असं लिहू नका. पत्रकार हेच विचारणार, गावकरीही हेच विचारणार, ‘पोटात किडे होते ना?’ असतातच! समुद्रातल्या प्रौढ डॉल्फिनच्या पोटात ॲनिसाकिस असणं नेहमीचं आहे, जाळ्यात गुदमरून मेलेल्या धडधाकट जनावरातही व्रणासकट मिळतो. आधी परांवर जाळ्याच्या दोरीचे वळ बघा, श्वासनलिकेत फेस बघा, चरबीची जाडी मोजा. मग जंत. पिल्लू असेल तर आणखी सावध राहा. 2023च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागलेल्या व्हेलच्या पिल्लाबद्दल मला कितीतरी जणांनी विचारलं, जंत असतील का? ॲनिसाकिस येतो मासे, माकूल किंवा क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ल्यावर. निव्वळ दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात तो शोधत बसू नका. पण फुप्फुसं जरूर उघडा. बाटलीनाक्या डॉल्फिनांच्या अगदी नवजात पिल्लांत हॅलोसर्कस मिळालाय, म्हणजे तो आईच्या पोटातच लागतो.

घरच्यांना मात्र घाबरवू नका. माझी आई बांगडा साफ करताना आतड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली अळी बघून मलाच हाक मारते. ती याच जंताच्या कुळातली असते. आपल्याकडे मासा नीट शिजतो, तळला जातो, अळी मरते. भीती कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशाची. तसा मासा खाणारे उणे वीस अंशाला सात दिवस गोठवून घेतात, त्यातही ती मरते.

परवानगीचं थोडक्यात : सगळे डॉल्फिन, व्हेल 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक जंतही उचलू नका. हातमोजे दोन जोड घाला, मास्क लावा, कारण डॉल्फिनांत ब्रुसेला नावाचा जिवाणू सापडतो आणि त्याचा संसर्ग माणसाला होऊ शकतो.

पहिलं जनावर हातचं गेलं तर रडायला येईल. मला आलं होतं, गाडीत, सगळ्यांसमोर. तरी पुढच्या फोनला जा. डिसेंबरात मला कुबड्या डॉल्फिनचा फोन आला. पिशवीत थर्मास, दोन प्रकारचं अल्कोहोल, सतरा छोट्या बाटल्या आणि मामांनी टोक काढून दिलेल्या दोन पेन्सिली होत्या. जठराच्या पहिल्या कप्प्यात तीनच जंत मिळाले. तिघांची डोकी-शेपटं काचपट्टीवर आहेत, मधले तुकडे गेल्या महिन्यात डीएनएसाठी पाठवलेत. निकाल अजून यायचाय.