बटण सेल गिळला तर केळं भरवत बसू नका

पोराने नाणं गिळलं की आपल्याकडे आधी केळी भरवतात, पण गिळलेली वस्तू रिमोटमधला किंवा जत्रेतल्या लाइटच्या खेळण्यातला चपटा गोल सेल असेल तर अजिबात वाट बघू नका प्लीज, कारण तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे करंट सुरू होतो आणि २ तासांत आतून भाजायला लागतं, सेल लीक झालेला नसला तरी.

मूल हसत खेळत असलं तरी सरळ एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. उलटी करायला लावू नका. मूल १ वर्षाच्या वर असेल, शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध देऊ शकता (६ वेळांपेक्षा जास्त नाही), बाकी खायला-प्यायला काही नाही, आणि मध घरात नसेल तर तो शोधण्यात वेळ घालवू नका.

नाकात-कानात सेल गेला तरी इमर्जन्सीच, त्यात ड्रॉप्स घालू नका.

आणि आजच घरातली खेळणी तपासा, सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं लहानग्याच्या हातात नकोच. वापरलेल्या सेललासुद्धा दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मगच टाका, संपलेल्या सेलमध्येही भाजण्याइतका करंट असतो.